विहिरींच्या वाटेने कुसैरला

भारत आणि रोम यांच्यातल्या जुन्या व्यापाराची गोष्ट आपल्याकडे बहुधा वाऱ्यापासून सुरू होते. मोसमी वारे ग्रीक नाखव्यांना कळले, हिप्पालस नावाच्या नाविकाला त्याचं श्रेय मिळालं, आणि मिरी, मलमल, हस्तिदंत भरलेली गलबतं तांबड्या समुद्राकडे धावू लागली. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यातला एक आकडा मला बोचत राहिला. भूगोलकार स्ट्राबो सांगतो, की इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या काळात वीस गलबतंही तांबड्या समुद्राबाहेर डोकवायला धजत नसत. रोमने इ.स.पू. 30 मध्ये इजिप्त घेतला. पुढच्या काही वर्षांतच स्ट्राबो स्वतः तिथे गेला, तेव्हा मायॉस हॉर्मॉस या एकाच बंदरातून 120 गलबतं भारताकडे निघत होती. वारा तर तोच होता. किझिकसचा युडॉक्सस त्याच वाऱ्यावर भारताला जाऊन आला, त्यालाही तोवर शंभरेक वर्षं होत आली होती. मग एवढं बदललं काय?

उत्तर समुद्रात सापडेना, म्हणून समुद्रामागची जमीन पाहायची ठरवली. नाईलकाठच्या किफ्तपासून तांबड्या समुद्रावरच्या, मायॉस हॉर्मॉसशेजारच्या कुसैरपर्यंत, इजिप्तच्या पूर्व वाळवंटातून. बरोबर माझे थोरले चुलतभाऊ होते, आमचे दादा. त्यांची सगळी नोकरी सरकारी भूजल खात्यात, मराठवाड्यातल्या विहिरींच्या पातळ्या मोजण्यात गेलेली. इतिहासाची त्यांना फारशी आवड नाही. पण कुठल्याही विहिरीत ते आधी वाकून बघतात आणि मग बोलतात, आणि या प्रवासाला मला नेमका तसाच माणूस हवा होता.

लक्सॉरहून उत्तरेला तासाभराच्या आत किफ्त येतं. डिसेंबरचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, तोडणी चालू, उसाने लादलेल्या ट्रॉल्या, वाढ्यांचे भारे घेऊन चाललेली गाढवं. दादांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ग्रीक-रोमन काळातलं कॉप्टॉस ते हेच. आज दिसायला हे साधं तालुक्याचं गाव आहे. मोडक्या देवळांचे दगड, काही खांब आणि त्यांना खेटून घरं. इथल्या माणसांचा एक लौकिक मात्र अजून टिकून आहे. फ्लिंडर्स पेट्रीने 1890च्या दशकात इथल्या माणसांना उत्खननाचं काम शिकवलं, आणि पुढे इजिप्तभरच्या उत्खननांवर मुकादम म्हणून किफ्तची माणसं जाऊ लागली.

हे गाव इथेच का, ते नकाशा उघडला की कळतं. या भागात नाईल पूर्वेकडे मोठं वळण घेते आणि तांबड्या समुद्राच्या सगळ्यात जवळ येते. मधे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास वाळवंट. गलबत सरळ सुएझपर्यंत नेलं तर हा त्रास वाचला असता, असं वाटतं. पण तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेचाच वारा वाहतो. भारताहून माल भरून आलेल्या शिडाच्या जहाजाला तो नाकासमोर येतो, आणि दोन्ही किनाऱ्यांना पोवळ्यांचे खडक. त्यापेक्षा दक्षिणेलाच माल उतरवून उंटांवर घालावा, किफ्तला आणावा आणि नाईलच्या प्रवाहाने अलेक्झांड्रियाला सोडून द्यावा, हे परवडे. म्हणजे मिऱ्याच्या प्रत्येक दाण्याला समुद्रानंतर आणखी एक कोरडा समुद्र ओलांडावा लागे. स्ट्राबोने तर तशीच आठवण नोंदवली आहे: पूर्वी उंटांचे तांडे रात्री ताऱ्यांकडे बघत जात आणि खलाशांसारखं पाणीही बरोबर वाहून नेत. आता मात्र, तो सांगतो, खोल खणून विहिरी केल्या आहेत आणि पाऊस विरळ असूनही टाकी बांधली आहेत.

किफ्तलाच सापडलेला एक शिलालेख ही टाकी कोणी बांधली ते सांगतो. रोमन सैन्याच्या तुकड्यांनी, हातात कुदळी घेऊन. वाटेवरची ठाणी आणि तांबड्या समुद्रावरची बेरेनिके व मायॉस हॉर्मॉस ही बंदरं इथल्या टाक्यांची नावं त्यात आहेत आणि खाली शिपायांची लांबलचक यादी. गलातियासारख्या दूरच्या मुलखातून भरती झालेली ही माणसं कधी तरवार चालवायला आली असतील, पण त्यांची नावं दगडावर राहिली ती पाण्यामुळे.

किफ्तचा दुसरा दगड अधिक बोलका आहे. इ.स. 90 मधला, डोमिशियन बादशहाच्या वेळचा पथकराचा फलक. वाळवंटाच्या वाटेवर कोणाकडून किती घ्यायचं ते त्यावर कोरलं आहे. तांबड्या समुद्रावरच्या खलाशाला 5 द्राख्मा. शिपायांच्या बायकांना 20. वेश्याव्यवसायासाठी जाणाऱ्या बायकांना 108. उंटाच्या परवान्याला 1 ओबोल आणि त्यावरच्या शिक्क्याला 2. जहाजाच्या डोलकाठीला 20 द्राख्मा, आणि प्रेतयात्रा नेऊन परत आणायची असेल तरी कर. डोलकाठीपाशी मी थांबलो. तांबड्या समुद्राच्या त्या किनाऱ्यावर डोलकाठीजोगं झाड नाही. भारताला जाणाऱ्या जहाजाची काठीसुद्धा आधी याच वाटेने वाळवंटातून जायची. बंदरात राहणाऱ्यांचा गहू, दारू, सगळं इथूनच जाई. इ.स.च्या पहिल्या शतकात कॉप्टॉसमधल्या निकानोरच्या घराण्याचा धंदाच तो होता, उंटांवरून दोन्ही बंदरांना रसद पोचवण्याचा. खापऱ्यांवर लिहिलेल्या त्यांच्या पावत्या मिळाल्या आहेत. त्यामुळे बंदर आधी आणि रस्ता नंतर, असं इथे म्हणताच येत नाही. रस्ता होता म्हणून बंदर जगत होतं.

ऊस संपला तशी हिरवी रेघ एकदम तुटली. पुढे भुरकट माळ, मग लकीता. थोड्या खजुरी, झाऊची झुडपं, काही घरं, पोलिसांची चौकी. आमच्या चालकाने परवान्याचे कागद दाखवले आणि सोडेपर्यंत आम्ही सावलीत उभे राहिलो. जुन्या काळी इथे वाट फुटत असे. डावीकडची मायॉस हॉर्मॉसला, सहा-सात दिवसांची. उजवीकडची बेरेनिकेला, रोमन लेखक प्लिनीच्या हिशेबाने बारा दिवसांची.

बेरेनिकेला आम्ही जाणार नव्हतो, पण त्या फाट्यावर तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाववेना. दुसऱ्या टॉलेमीने इ.स.पू. तिसऱ्या शतकात ते बंदर वसवलं ते लढाईचे आफ्रिकी हत्ती उतरवण्यासाठी. व्यापार नंतर आला. तिथल्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. इमारतींत सागवानाचे वासे मिळाले, जहाजं मोडून काढलेले. अलीकडे, 2022 साली, तिथल्या इसिस देवीच्या देवळात संगमरवरी बुद्ध सापडला. संस्कृत लेख सापडला. आणि दुसऱ्या शतकातली दोन सातवाहन नाणीही. ज्या घराण्याचे लेख आपण नाणेघाटात वाचतो, त्याचं नाणं समुद्रापलीकडच्या या वाळवंटाच्या टोकाला कोणाच्या तरी कनवटीला होतं. माल बाजारासाठी जातो, पण नाणं माणसाबरोबर जातं, म्हणून मला त्या दोन नाण्यांचं मोल रांजणभर मिरीपेक्षा जास्त वाटतं.

लकीतानंतर डोंगर जवळ येऊ लागले. कस्र अल-बनात इथे वालुकाश्माचा एक सुळका रस्त्याशेजारी उभा आहे. त्याच्या अंगावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हजारो वर्षं खरडून ठेवलं आहे: उंट, माणसं, नावं, नाना लिप्या. जवळच रोमन ठाण्याच्या भिंती. असं ठाणं साधारण दिवसाच्या मजलेवर. मधल्या डोंगरांच्या माथ्यांवर चौकोनी मनोरे, एकावरून पुढचा दिसेल असे. किफ्त ते कुसैर मिळून साठाहून अधिक. गाडीतून जाताना ते एकामागून एक डोकं वर काढतात.

आणि खुद्द रस्ता? तो बांधलेलाच नाही. इटलीत रोमने दगडी फरसबंदी केली, ती मनात घेऊन इथे आलेल्याला काहीच दिसत नाही. उंटाच्या पायाला फरशी नकोच असते. दगडगोटे बाजूला सारून केलेली रुंद पट्टी, एवढंच. साम्राज्याने खर्च केला तो पायाखालच्या वाटेवर नाही. तो झाला पाण्यावर, पहाऱ्यावर आणि हिशेबावर.

एका ठाण्यात दादा बराच वेळ फिरले. चारी बाजूंनी रचलेल्या दगडांची भिंत, कोपऱ्यांना गोल बुरूज, आतून भिंतीला लागून खोल्या, आणि मधोमध वाळूने भरलेला मोठा खळगा.

“ही किल्ल्याची जागा नव्हे रे,” ते म्हणाले. “चहूकडे डोंगर आहेत आणि हे लोक खाली ओढ्याच्या पात्रात येऊन बसलेत. वरून कोणीही दगड मारील.”

“मग इथे का बांधलं, दादा?”

“त्या खळग्यासाठी. ती विहीर आहे, ढासळलेली. आधी पाणी लागलं, मग तिच्याभोवती भिंत घातली.”

त्यांनी समोर बोट दाखवलं. दोन कोरड्या ओढ्यांची पात्रं तिथे मिळत होती आणि थोडं खाली काळ्या खडकाची एक उभी शीर पात्राला आडवी गेली होती. वर्षानुवर्षांतून कधीतरी डोंगरात पाऊस पडतो, तो लोंढा होऊन येतो आणि पात्रातल्या वाळू-गोट्यांत मुरतो. अशी शीर आडवी असली की ते पाणी तिच्यामागे अडून राहतं. मराठवाड्यात विहिरीची जागा धरताना ते हेच बघत असत. “ज्याने ही जागा धरली त्याला कळत होतं,” एवढं बोलून ते खळग्याच्या काठाकाठाने पुन्हा चालू लागले.

दादांनी जमिनीवरून जे वाचलं, ते रोमनांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बेरेनिकेजवळच्या सिकेत इथल्या ठाण्यात इ.स. 76-77 मधला लेख आहे. इजिप्तचा सुभेदार युलियस उर्सस बेरेनिकेहून परतताना तिथे थांबला, आणि या जागी विहीर शोधा असा त्याने हुकूम केला. पाणी लागलं, तेव्हा ठाणं आणि टाकी बांधायला सांगितली. आधी विहीर, मग किल्ला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. व्यापाऱ्याने आपल्या पैशाने विहीर खणायची ठरवली असती, तर कोणत्या नफ्यावर? पाणी लागेल की नाही याची खात्री नाही, लागलं तर मागून येणारा परकाही ते पिणार, आणि पुढच्या लोंढ्याबरोबर गाळ आत. वर्षानुवर्षं गाळ उपसायला माणसं ठेवण्याची ताकद त्या काळी फक्त राज्याकडे होती. वीसची एकशेवीस गलबतं झाली त्याला इतरही कारणं आहेत. रोममधला पैसा, इटलीत यादवी संपून आलेली शांतता. पण भारतापर्यंतच्या त्या प्रवासाचं निम्मं श्रेय मी वाऱ्याला देतो आणि निम्मं या बुजलेल्या खळग्यांना.

ठाण्यांतल्या माणसांचं जिणं आपल्याला कळतं ते खापऱ्यांवरून. फुटक्या मद्यकुंभांचे तुकडे, त्यांवर शाईने लिहिलेली पत्रं. अल-मुवैह, म्हणजे तेव्हाचं क्रोकोडिलो, आणि पलीकडचं अल-झर्का, म्हणजे माक्सिमिआनोन, इथे फ्रेंच संशोधकांना ती ढिगांनी मिळाली. अमक्याबरोबर भाजी पाठवली आहे, मिळाल्याचं कळव. कोबी पाठवला. टोपली परत पाठव. वाळवंटातल्या शिपायाला हिरव्या पानाची केवढी ओढ असेल! त्याच खापऱ्यांत एक वेगळी बातमी आहे. इ.स. 118 मध्ये साठ हल्लेखोरांनी पाटकुआ नावाच्या ठाण्यावर चाल केली; माणसं मेली, बाई-मुलं पळवली गेली. ही बातमी घोडेस्वारांनी ठाण्याठाण्यातून पुढे नेली आणि क्रोकोडिलोत तिची नक्कल राहिली. पाण्याची साखळी हीच टपालाची साखळीही होती. मात्र त्या हल्लेखोरांची बाजू कोणी लिहिली नाही. वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या पाण्याच्या जागांवर भिंती उठल्या आणि दारात शिपाई आले, एवढं तरी ध्यानात ठेवायला हवं.

बीर हम्मामातला दगडाने बांधून काढलेली गोल विहीर अजून उभी आहे. इथून पुढे वादी हम्मामात ही अरुंद खिंड लागते. दोन्ही बाजूंना काळपट हिरव्या खडकाचे कडे आणि त्यांवर फेरोंच्या काळातले शेकडो लेख. या दगडाच्या मूर्ती आणि शवपेट्या होत. तो दगड नेण्यासाठी चौथ्या रामसेसने आठ हजारांवर माणसं इथे पाठवली, आणि नऊशे मेल्याची नोंद त्याच कड्यावर आहे. त्याच्याही आधी, इ.स.पू. 2000च्या सुमारास, हेनेनू नावाचा अधिकारी तीन हजार माणसं घेऊन तांबड्या समुद्राकडे गेला. रोज प्रत्येकाला दोन घडे पाणी आणि वीस भाकऱ्या दिल्या, आणि वाटेत पंधरा विहिरी खणल्या, असं त्याने कोरून ठेवलं आहे. तेव्हा रोमने काही शून्यातून उभं केलं नाही. एका राज्याने खणायचं, ते मोडलं की गाळ भरायचा, आणि दोन-पाचशे वर्षांनी दुसऱ्याने तेच पात्र पुन्हा खणायचं, असं इथे चालत आलं. पाणी असलेल्या जागा मोजक्या. वाटेला दुसरीकडून जायची मुभाच नव्हती.

विहिरीच्या काठाशी बसून डबा खाताना दादांनी विचारलं, “एवढा खर्च वसूल कुठून होत होता?”

मुझिरिसच्या पपायरसची गोष्ट मी त्यांना सांगितली. व्हिएन्नात ठेवलेला, दुसऱ्या शतकातला कर्जाचा करार. कर्जदार लिहून देतो, की माल भरवशाच्या उंटवाल्याकडे सोपवीन, पहाऱ्यात वाळवंट ओलांडून कॉप्टॉसच्या सरकारी वखारीत तुमच्या शिक्क्याखाली ठेवीन, तिथून नदीने अलेक्झांड्रियाला. पाठीमागच्या बाजूला ‘हर्मापोलोन’ जहाजावरच्या मालाचा हिशेब आहे, गंगाकाठच्या जटामांसीच्या पेट्या, हस्तिदंत. किंमत सुमारे 70 लाख सेस्टर्स. आणि त्यावर सरकारी कर चौथा हिस्सा.

“एका जहाजावर?”

“एका जहाजावर.”

“मग शंभर विहिरी खणल्या तरी परवडलं,” दादा म्हणाले.

आपल्याकडची तऱ्हा निराळी होती. नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख मला तिथे आठवत राहिला. क्षत्रप नहपानाचा हा जावई. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी केली. दमण, तापी, डहाणू यांसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठांवर पाणपोया घातल्या. ठिकाणं नीट पाहिली तर ती व्यापाराच्या वाटेवरचीच आहेत. पण लेखात नाव आहे दानधर्माचं. आणि हा धर्म मनापासूनचा नव्हता असं मानायला मला काही कारण दिसत नाही. मात्र तेच सत्ताधीश व्यापार अडवतही होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत कल्याणची तक्रार आहे: पूर्वी ती रीतसर पेठ होती, आता तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. आणि पैठण-तेरचा माल, अकीक आणि सुती कापड, भडोचला बैलगाड्यांनी येई तो मोठमोठ्या बिनवाटेच्या मुलखातून, असंही तीच मार्गदर्शिका सांगते. त्या गाडीवानांनी कोणत्या ओढ्याकाठी बैल सोडले, याच्या खापऱ्या आपल्याकडे उरल्या नाहीत, याचं मला दुःख होतं.

फवाखिरच्या सोन्याच्या खाणी, पाचव्या-सहाव्या शतकातल्या खाणकामगारांची बिनछपराची घरं, मग अल-झर्का, आणि शेवटी उतार. समुद्र एकदम दिसतो.

मायॉस हॉर्मॉस, आजचं कुसैर अल-कदीम, गावाच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर आहे. समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं ओलांडली की रस्त्याकडेला बुटके उंचवटे आणि त्यांच्यामागे गाळाने भरलेली सखल जागा. ते बंदर होतं. दलदलीत उभं राहायला जागा करण्यासाठी तिथे रिकामे मद्यकुंभ रांगेने जमिनीत गाडून धक्का केला होता. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या उत्खननात तो सापडला. खापऱ्यांवर तमिळ-ब्राह्मी लिपीतली नावं मिळाली, कणन, चातन. तिसऱ्या शतकात बंदर गाळाने भरत गेलं आणि त्याच शतकात वाटेवरची ठाणीही ओस पडली. बंदर भरलं म्हणून ठाणी उठली की ठाण्यांवरचा खर्च थांबला म्हणून बंदराकडे कोणी पाहिलं नाही? दादा म्हणाले, गाळ दोन्हीकडे एकच आहे. मला ते पटतं. पुढे अय्युबी आणि मामलुक सुलतानांच्या काळात इथे पुन्हा वस्ती झाली, पुन्हा भारताचं कापड उतरलं.

कुसैर गावात तुर्कांच्या वेळचा किल्ला आहे. त्याच्या तटावर उभं राहिलं की बंदर आणि वाळवंट दोन्ही दिसतात. 1801 च्या जूनमध्ये इथे मुंबईहून आलेली जहाजं नांगरून होती. जनरल बेअर्डच्या हाताखाली पाच हजारांवर सैन्य, फ्रेंचांशी लढण्यासाठी. त्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी. त्या काळी या पलटणींत कोकणातली माणसं भरती होत. इथून नाईलकाठच्या केनापर्यंत त्यांना पायी जायचं होतं, ऐन उन्हाळ्यात. सगळं सैन्य एकदम निघू शकलं नाही. एका वेळी एक तुकडी, वाटेतल्या विहिरींना पुरेल एवढीच, आणि चाल रात्रीची. पाणी पखालींत भरून उंटांवर लादलेलं, आणि त्या पखाली गळत होत्या. पुढे गेलेल्या तुकड्यांनी विहिरी खणायच्या आणि मागच्यांनी त्यावर यायचं. मुक्कामांच्या यादीत लकीताचं नाव आहे. जुलैमध्ये ते केनाला पोचले, आणि नावांत बसून नाईलच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला गेले, जसा मिऱ्याचा माल जात असे.